ट्रेलरच्या पोटाखालचे फोड: किनाऱ्यालगतच्या डेपोतील गंज-प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी

पहिल्या बैठकीत काम एका वाक्यात सांगितलं गेलं: "मागच्या सप्टेंबरात रंगवलेल्या ट्रेलरना फोड आलेत, आता कोणता रंग लावायचा ते सांगा." रंगाचं नाव सांगायच्या आधी मी चार महिने मागून घेतले. फोड कुठे आहेत, त्यांच्याखाली काय आहे हे पाहायचं आहे. त्याच मुदतीत धक्का, वाहनांची शेड आणि दारूगोळ्याचं गोदामही तपासायचं आहे. परवानगी मिळाली.

दुपारी यार्ड पायी फिरलो. समुद्र अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे आणि वारा दिवसभर पाण्यावरून येतो. संध्याकाळी चष्म्याची काच पुसली तर बोटाला चिकटपणा लागतो. हवा किती गंजवणारी आहे याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते मोजलेलं बरं, म्हणून साध्या कार्बन पोलादाच्या पट्ट्या वजन करून तीन ठिकाणी लावल्या: धक्क्यावर, उघड्या यार्डात आणि शेडच्या समुद्राकडच्या उघड्या कडेला, छपराखाली. प्रत्येक ठिकाणी सहा. त्यातल्या दोन पट्ट्या तीन महिन्यांनी काढायच्या, उरलेल्या चार वर्षभराने. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पहिल्या वर्षात पोलाद ८० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजलं तर ती जागा सी-५, म्हणजे फार गंजवणाऱ्या हवेच्या वर्गात जाते. माझा अंदाज त्याच्या आसपासचा आहे, पण तो अंदाजच.

१४ जानेवारी

दिवसभर ट्रेलरखाली पाठीवर पडून खडूने खुणा केल्या. ४० पैकी ३१ ट्रेलरना फोड आहेत. बाजूच्या पत्र्यांवर जवळजवळ एकही नाही. जे आहेत ते सगळे पोटाखाली: आडव्या चॅनेलच्या आतल्या बाजूला, वेल्डच्या कडेने, मडगार्डच्या मागे. गंज सगळीकडे सारखा असता तर हवेला दोष दिला असता. इतका जागा निवडून आलाय म्हणजे त्या जागांवर काहीतरी वेगळं घडलेलं आहे.

१७ जानेवारी

संशयित एकेक करून बाजूला काढले.

रंगाचा लॉट खराब असावा, असं वर्कशॉपचं म्हणणं. तोच लॉट बाजूच्या पत्र्यांवर चांगला टिकलाय, त्यामुळे हे पटत नाही. थर पातळ असावा, ही दुसरी शंका. मापकाने पाहिलं तर तिन्ही थर मिळून २१० ते २६० मायक्रॉन भरले आणि पोटाखाली उलट थोडे जास्तच आहेत.

तिसरी शंका माझी स्वतःची होती: दव. रंगखोलीच्या नोंदवहीत फक्त हवेचं तापमान लिहिलंय. आर्द्रता नाही, पोलादाचं तापमानही नाही. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो. रात्रभर थंड झालेली चासी सकाळी २६ अंशांवर असेल तर डोळ्याला कोरडी दिसते, पण दव धरायला एका अंशाचंच अंतर उरलेलं असतं. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश उबदार असल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही हा नियम त्यासाठीच आहे. पण दव बाजूच्या पत्र्यांवरही धरलं असतं. मुख्य कारण हे नव्हे. तरीही सकाळी ९ च्या आधी रंगकाम बंद करायला लावलं आणि नोंदवहीत तीन नवे रकाने आखून दिले.

२१ जानेवारी

आज फोड उघडले. पातळ पात्याने कडेने कापून टोपी उचलली की आत पाण्याचा थेंब असतो आणि त्याखाली काळा गंज. तो काळा गंज काही मिनिटांत डोळ्यांदेखत तांबूस झाला. आत प्राणवायू पोहोचत नव्हता, आता पोहोचला. थेंबावर क्लोराइडची चाचणी-पट्टी टेकवली, लगेच रंग बदलला.

फोड येण्याची रीत इथे लिहून ठेवतो, कारण बैठकीत हे दोनदा समजावून सांगावं लागलं. रंगाचा थर पाणी पूर्ण अडवत नाही. पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत-बाहेर करतच असते. थराखाली मीठ राहिलं असेल तर ते ही वाफ ओढून धरतं, तिथे खारं पाणी साचतं, दाब वाढतो आणि थर पोलादापासून सुटून वर उचलला जातो. यावर आणखी एक थर चढवणं म्हणजे पू न काढता जखम बांधणं. रंग कितीही उत्तम असो, खाली मीठ असेल तर फरक पडतो तो फक्त फोड किती दिवसांनी येतात याचा.

म्हणजे प्रश्न उरला तो एवढाच: पोटाखाली मीठ आलं कुठून? हे ट्रेलर तर रंगाआधी धुतले होते.

२२ जानेवारी

रांगेतला पुढचा ट्रेलर सापडला. धुऊन, घासून प्रायमरसाठी तयार ठेवलेला. त्यावर ब्रेसल पद्धतीने क्षार मोजले: चिकट पाकीट पृष्ठभागावर लावायचं, सिरिंजने शुद्ध पाणी आत सोडायचं, आत-बाहेर करायचं आणि पाण्याची वाहकता, म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता, मिठाने किती वाढली ते पाहायचं. १५ मिलिलिटर पाणी आणि साडेबारा चौरस सेंटिमीटरचं पाकीट असेल तर वाढलेल्या मायक्रोसीमेन्सना (हे वाहकतेचं एकक) ६ ने गुणलं की चौरस मीटरमागे क्षार मिलिग्रॅममध्ये मिळतात.

बाजूचा पत्रा: वाढ ४, म्हणजे २४ मिलिग्रॅम.
पोटाखालचं चॅनेल: वाढ ३१, म्हणजे १८६ मिलिग्रॅम.

जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांना (तोल राखायला पाणी भरायच्या टाक्या) रंग लावताना ५० मिलिग्रॅमची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. आम्ही तिच्या साडेतीन पटींहून पुढे आहोत. बाजूचे पत्रे ग्रिट ब्लास्टिंगने, म्हणजे नोझलमधून जोरात कण मारून, साफ होतात, त्यामुळे वरची खारी कातडीच निघून जाते. पोटाखाली नोझल पोहोचत नाही म्हणून तिथे तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने घासतात. घासून गंज सुटतो; पोलादाच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं मीठ तसंच राहतं, उलट ब्रशने चोळून आणखी आत जातं.

मग सरळ धुण्याच्या रॅम्पवर गेलो आणि नळाच्या तोंडाशी वाहकता-मापक धरला. ४,९०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर २४०. समुद्राचं पाणी ५०,००० च्या आसपास असतं. म्हणजे आमची वाहनं समुद्राच्या सुमारे एक दशांश खाऱ्या पाण्याने धुतली जात आहेत.

पाणी इथेच मुरत होतं. धुण्याचं पाणी साठवून, गाळून पुन्हा वापरायची यंत्रणा काही वर्षांपूर्वी बसवली गेली. हेतू उत्तम होता आणि यंत्रणा तिचं काम नीट करते: गाळ खाली बसतो, तेल वर काढलं जातं, वाळू फिल्टरमध्ये अडकते. पण विरघळलेलं मीठ कोणत्याच टप्प्यावर अडत नाही. प्रत्येक वाहन थोडं मीठ टाकीत सोडून जातं, पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. टाकी वर्षानुवर्षं खारट होत गेली आणि कोणी मोजलं नाही, कारण पाणी दिसायला स्वच्छ होतं.

२४ जानेवारी

ज्येष्ठ पर्यवेक्षकांना आकडे दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, आम्ही नियमापेक्षा जास्त वेळा धुतो. इथली हवा खारी म्हणून मुद्दाम."

मला हे ऐकून फार वाईट वाटलं. जितकी काळजी घेतली तितकं मीठ चढत गेलं, आणि यात त्यांच्या माणसांची काहीही चूक नाही. ते त्यांना स्पष्टपणे सांगितलं, अहवालातही तसंच लिहिणार आहे. थोड्या वेळाने त्यांनीच एक गोष्ट आठवून सांगितली: वाहन वाळल्यावर काचेवर पांढरे ओघळ राहायचे, ते साबणाचे समजून पुसले जायचे. हा पुरावा सगळ्यांसमोर होता. पुढच्या वेळी कुठल्याही वर्कशॉपमध्ये गेलो की मी आधी वाळलेल्या काचा बघणार.

३० जानेवारी

ठरलं ते असं. पहिली धुलाई साठवलेल्या पाण्यानेच, म्हणजे पाण्याची बचत बरीचशी कायम राहील. शेवटची पूर्ण धुलाई गोड्या पाण्याने, आणि नोझलपाशी मापक कायमचा बसवायचा. पोटाखालच्या जागांसाठी वाकड्या गळ्याचं लहान ब्लास्टिंग नोझल मागवलं. प्रायमरआधी प्रत्येक ट्रेलरवर पोटाखाली तीन ठिकाणी क्षारमापन. मी मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. धुतल्यावर पोलादावर तासाभरात पिवळट झाक येते, ती गरम हवेने वाळवून हलक्या ब्लास्टिंगने काढायची.

सहा ट्रेलर या पद्धतीने करून बघायचे. रंग तोच, आधीच्याच कंपनीचा, आधीच्याच जाडीचा. मुद्दाम. रंगही बदलला तर नेमका कशाने फरक पडला ते कळणार नाही.

६ फेब्रुवारी

धक्का. ओहोटीच्या वेळी बोटीतून सगळे पोलादी पाइल, म्हणजे धक्का तोलणारे खांब, पाहिले. अगदी खालच्या ओहोटी-रेषेच्या जरा वर नारिंगी, मऊ चकत्या दिसल्या. बोटाने खरवडलं की खाली काळा लगदा, आणि तो पुसला की चकचकीत, खड्डे पडलेलं पोलाद. ही सल्फेट खाणाऱ्या जिवाणूंच्या संगतीने होणारी झीज. एरवी समुद्रात पोलादाची झीज वर्षाला दशांश मिलिमीटरच्या घरात असते. अशा चकतीखाली ती वर्षाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाऊ शकते. अल्ट्रासोनिक जाडीमापन तातडीने लावलं.

पाण्याखाली ॲनोड आहेत, म्हणजे स्वतः झिजून पोलादाला वाचवणारे धातूचे तुकडे. चांदी-क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडने पाइलचा विभव (विद्युत-दाब) मोजला: बहुतेक पाइल उणे ०.९२ व्होल्टच्या आसपास. उणे ०.८० पेक्षा खाली म्हणजे संरक्षण मिळतंय. एकच पाइल उणे ०.७१ वर आहे. नारिंगी चकत्या सर्वांत जास्त त्याच्यावरच आहेत.

९ फेब्रुवारी

कारण मिळालं. हा पाइल दुरुस्तीत नंतर बसवलेला. वर काँक्रीटचा माथा ओतला, पण बाकीच्या पाइलशी जोडणारी धातूची पट्टी वेल्ड करायची राहून गेली. शेजारी ॲनोड असून उपयोग नाही. धातूचा सलग जोड नसेल तर ॲनोडचा प्रवाह त्याच्यापर्यंत येणारच नाही. पट्टी वेल्ड केली. विभव लगेच पूर्ण खाली येत नाही, पोलादाचा पृष्ठभाग बदलायला दिवस लागतात. आठवड्याने पुन्हा मोजायचं.

बैठकीत कोणीतरी विचारलं, मग जास्त ॲनोड लावले तर आणखी चांगलं नाही का? नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये युद्धनौकांच्या तांब्याच्या आवरणाला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली, पण तांबं विरघळेनासं झाल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना आणि तळावर शेवाळ नि शिंपले इतके वाढले की जहाजं मंदावली. पोलादाच्या बाबतीत धोका निराळा आहे: विभव फार खाली गेला की पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि उच्च-ताकदीचं पोलाद त्याने ठिसूळ होतं. ॲनोडची संख्या हिशेबानेच ठरवायला हवी.

१६ फेब्रुवारी

पाइल आता उणे ०.९० वर. हे काम झालं. ओहोटी-रेषेवरच्या चकत्या साफ करून वेगळा लेप द्यावा लागेल, कारण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पोलाद रोज काही तास पाण्याबाहेर असतं आणि तेवढा वेळ ॲनोडचा काही उपयोग नाही.

१९ फेब्रुवारी

आज एक काम थांबवलं. एका बाकावर गंजलेले १२.९ ग्रेडचे (अति-उच्च ताकदीचे) बोल्ट ॲसिडच्या ट्रेमध्ये बुडवून स्वच्छ केले जात होते. चकाकत होते, नव्यासारखे. इतक्या कठीण पोलादात ॲसिडमुळे तयार झालेला हायड्रोजन शिरतो. बोल्ट आवळताना काही होत नाही. ताणाखाली काही तासांनी किंवा दिवसांनी तो आडवा तुटतो, आधी काहीही न दाखवता. मुलामा चढवलेले असे बोल्ट लगेच १९० अंशांच्या आसपास बरेच तास भट्टीत ठेवून हायड्रोजन बाहेर काढतात. पण हे कधी बुडवले, किती वेळ, यातले कोणते परत लावले गेले, याची नोंदच नाही. सगळा ट्रे भंगारात काढायला लावला आणि मागच्या महिन्यात या बाकावरून कोणत्या वाहनांना बोल्ट गेले ती यादी मागितली. हे सौम्य शब्दांत सांगायचं मला सुचलं नाही आणि तसं सांगायचंही नव्हतं. चाकाच्या हबमधला असा एक बोल्ट पुरतो.

२५ फेब्रुवारी

यादी आली. नऊ वाहनं. सगळे बोल्ट बदलले.

४ मार्च

ॲल्युमिनियमच्या झाकणांवर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, भोकांभोवती पांढरी भुकटी. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी, इतकंच पुरतं. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले. दोन वर्षांनी पाहिलं तर तांब्याला लागलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही ठिकाणी मात्र खिळे शाबूत होते: जिथे पत्रे गुंडाळून आलेला तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता आणि तो दोन धातूंच्या मध्ये आला होता. त्या कागदाचं काम आज नायलॉनचे वॉशर आणि सीलंट करतात. इथे सीलंट होता, पण स्क्रू उघडून परत लावताना कोणी पुन्हा लावला नव्हता. देखभालीच्या कार्डावर एक ओळ वाढवली: स्क्रू ओल्या सीलंटमध्येच बसवायचा.

१३ मार्च

शेडमधला बंद कप्पा, जिथे राखीव वाहनं कोरड्या हवेत ठेवतात. आर्द्रता ४५ टक्के, यंत्र नीट चालू आहे. लोखंड साधारण ६० टक्क्यांच्या वर झपाट्याने गंजायला लागतं, म्हणून ४५ हा आकडा चांगला मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने शेकडो युद्धनौका अशाच कोरड्या हवेवर राखून ठेवल्या.

तरी इथल्या दोन वाहनांच्या ब्रेक-ड्रमवर ताजा गंज आहे. थोडा विचार करावा लागला. ६० टक्के ही मर्यादा स्वच्छ पोलादाची. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी धरतं, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. वाहन खारट अवस्थेत आत आलं तर ४५ टक्क्यांच्या कोरड्या खोलीतही त्याच्या अंगावर पाण्याचा थर असतो. ही वाहनं कशाने धुऊन आत आली होती ते आता ठाऊक आहे.

२० मार्च

दारूगोळ्याचं गोदाम एकंदरीत उत्तम ठेवलेलं. एकच हरकत: फरशी पुसायच्या द्रवात अमोनिया आहे आणि पितळी काडतुसांच्या पेट्या त्याच खोलीत. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जायची आणि पितळी कवचांना भेगा पडायच्या. दोष पावसाळ्याला दिला जायचा. खरं कारण १९२१ मध्ये कळलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि पितळ घडवताना आत राहिलेला ताण. तेव्हापासून कवचं तापवून ताण काढून टाकतात. आजची काडतुसं त्यामुळे बरीच सुरक्षित आहेत, पण ज्या वस्तूचा उपाय बाटली बदलण्याइतका सोपा आहे तिथे धोका कशाला घ्यायचा. द्रव बदलला.

२ एप्रिल

निचऱ्याची भोकं. ४० ट्रेलरवर मिळून २४० असायला हवीत. ७१ बंद निघाली: काही चिखलाने, काही रंगाने. रंगवताना भोक बुजलं आणि कोणी तार घालून मोकळं केलं नाही. तीन चॅनेलमध्ये अजून पाणी होतं. अमेरिकेच्या एफ-२२ सारख्या लढाऊ विमानातही अपुऱ्या निचऱ्याने गंजाचा त्रास वाढला होता, मग ट्रेलरचं काय. रंगानंतरच्या तपासणीत आता प्रत्येक भोकातून तार घालून दाखवायची.

१४ एप्रिल

तीन महिन्यांच्या पट्ट्या काढल्या, ॲसिडमध्ये गंज सोडवून वजन केलं. सरासरी झीज:

धक्का ४१ मायक्रॉन, शेडची कड ३३, उघडं यार्ड २२.

हे चारने गुणून वर्षाचा आकडा काढायचा नाही, झीज सगळ्या ऋतूंत सारखी नसते. पण क्रम महत्त्वाचा आहे. छपराखालच्या पट्ट्या उघड्यावरच्यांपेक्षा दीडपट झिजल्या. वर्कशॉपमध्ये कोणाचा विश्वास बसेना, म्हणून वजनं त्यांच्यासमोर पुन्हा केली. उघड्या यार्डावर पाऊस पडतो आणि मीठ धुऊन जातं. शेडच्या कडेला वारा मीठ आणून टाकतो आणि छप्पर पाऊस अडवतं. ज्या वाहनांना आपण जपलं म्हणून छपराखाली घेतलं, त्यांच्या अंगावर मीठ साचतच गेलं.

११ मे

चाचणीचे सहा ट्रेलर बारा आठवड्यांचे झाले. रंगाआधीची क्षारमापनं ८ ते २७ मिलिग्रॅमच्या दरम्यान होती. आज पोटाखालून प्रत्येक इंच पाहिला, एकही फोड नाही. जुन्या पद्धतीचे फोड चार महिन्यांच्या सुमारास दिसले होते, म्हणून हे यश म्हणून अजून कळवत नाही. जूनच्या मध्यावर आणि सप्टेंबरात पुन्हा बघणार. वरिष्ठांना लिहिलं की मुदत वाढवा आणि तोवर नवा रंग मागवू नका. २०१६ च्या एका जागतिक अभ्यासात गंजाचा खर्च वर्षाला अडीच लाख कोटी डॉलर धरला होता आणि हाती असलेले उपाय नीट वापरले तरी त्यातला १५ ते ३५ टक्के वाचेल असं म्हटलं होतं. इथले हाती असलेले उपाय म्हणजे गोडं पाणी, मापक आणि तार.

१३ मे

शेडमधल्या वाहनांना दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने पोटाखालून धुवायचं वेळापत्रक पर्यवेक्षकांनी स्वतः आखून रॅम्पच्या भिंतीवर लावलं. शेजारी एक कोरी वही, रोज सकाळचा नोझलवरचा आकडा लिहायला. आजचा: २६०. समुद्राकडची पहिली रांग उद्या सकाळी ९ वाजता.